जिन्याखालचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे. ठाण्यातल्या एका ख्रिस्ती घरासाठी रामा सुताराने मला घडवले. उशाकडच्या फळीवर त्याने एक छोटा क्रॉस कोरला. त्या घरातली सहा भावंडे माझ्यात झोपली. सर्वांत धाकटे सायमन. पुढे त्यांची एकुलती मुलगी फ्लेविया माझ्यात वाढली. "काय पाळणा आहे! जरासुद्धा करकरत नाही," असे शेजारणी म्हणत आणि मी सुखावत असे.

मोठेपणी फ्लेवियाने कल्याणच्या अय्याजशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोघांनीही आपापला धर्म सोडला नाही. "मुसलमानाच्या घरी गेली, आता ती आपली नाही," असे नातेवाईक म्हणाले. सायमननीही तेच म्हणत मला माळ्यावर टाकले. तिकडे अय्याजची आई सुनेने शिजवलेले खात नसे. "हिच्या माहेरी डुक्कर शिजतं," म्हणे.

दोन वर्षांनी इनाया जन्मली. मोबाइलवर तिचा फोटो पाहून सायमन विरघळले. त्यांनी मला पॉलिश केले, नवी दोरी लावली आणि टेंपोत घालून कल्याणला नेले. त्या वाटेवर मी जितका आनंदात होतो तितका कधीच नव्हतो.

अय्याजच्या आईने मला दारातच अडवले.

"पाळणा चांगला आहे. पण हे निशाण माझ्या घरात नको. तासून आणा."

"माझ्या आईने याच्याकडे बघत आम्हाला वाढवलं," सायमन म्हणाले. "मी नाही तासणार."

"अम्मी, वरून कपडा बांधतो ना," अय्याज म्हणाला.

"कपड्याखाली असेलच ना तो?"

"आणि लपवायचं कशाला? चोरीचा आहे काय?" सायमन तडकले. "तुम्ही लोक असेच!"

अय्याजची मान खाली गेली. बाळाला खांद्याशी धरून फ्लेविया मध्येच उभी होती.

"पप्पा, तुम्ही जा," ती एवढेच म्हणाली.

सायमननी नातीला हातात घेतलेच नाही. मला तिथेच सोडून ते निघून गेले. "दोन दिवस राहू दे," म्हणत अय्याजने मला जिन्याखाली सरकवले. त्याला तीन वर्षे झाली.

सायमन पुन्हा आले नाहीत. गेल्या डिसेंबरात ते वारले. फ्लेविया एकटीच मातीला गेली. परतल्यावर ती जिन्यातच बसून रडली. वर जाऊन रडायची सोय नव्हती.

आता माझ्यात रद्दी आणि फुटक्या बादल्या आहेत. एका पायाला वाळवी लागली आहे. परवा इनायाने माझ्या क्रॉसवरून बोट फिरवले.

"मम्मा, हा कुणाचा?"

"असेल कुणाचा तरी. चल वर," फ्लेविया माझ्याकडे न बघता म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार होतो. पण माझे आता काही होणार नाही. तुम्ही एवढेच करा. मोठी माणसे दारात भांडत असतील, तर आधी त्यांच्या हातात बाळ द्या.