रोमची अर्धी गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. कुवेतमधल्या शुवैखच्या एका वर्कशॉपात रत्नागिरीच्या महबूबने मला यंत्रांच्या खोक्यांच्या लाकडातून घडवलं. काळा रंग त्याने जरा जास्तच फासला होता, तरी मला स्वतःचा भारी तोरा होता.

१९७८ साली मी फहाहीलला नीलाबाईंच्या हॉलमध्ये आलो. पुण्यात त्या कॉलेजात इतिहास शिकवत. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे त्यांना नोकरी करता येत नव्हती. शुक्रवारच्या सुट्टीत मराठी मुलांचा वर्ग घ्यायच्या, त्यातच त्यांचा सारा जीव होता.

एकदा त्यांनी रोमची गोष्ट काढली. एका दंडाच्या प्रकरणात अथेन्सने आपली बाजू मांडायला तीन तत्त्वज्ञ रोमला धाडले. त्यांतला कार्निआदिस एक दिवस न्यायाच्या बाजूने बोलला, दुसऱ्या दिवशी त्याच न्यायाच्या विरुद्ध. रोमची तरुण मुलं खुळावली. केटो नावाच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने मात्र मुलं बिघडतील असा धसका घेतला. यांचं काम उरका आणि यांना घरी पाठवा, असं त्याने सभेत सांगितलं.

"पुढचं नंतर सांगते. आधी आपणही तसंच बोलून बघू," बाई म्हणाल्या. विषय ठरला, आईबाबांनी कुवेतला येणं बरोबर की चूक. एका शुक्रवारी मुलं 'बरोबर' म्हणून भांडली, पुढच्या शुक्रवारी तीच मुलं 'चूक' म्हणून.

मग हे प्रश्न घरोघरी जेवणाच्या ताटांपर्यंत गेले. डॉक्टर दिनकरांच्या लताने विचारलं, "बाबा, यू ऑलवेज से, दोन वर्षांनी परत जाऊ. मग आजोबा गेले तेव्हा आपण इथेच का होतो?" दिनकर भरल्या ताटावरून उठले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मुलं आली नाहीत, दिनकर एकटेच आले. "नीलाताई, श्लोक शिकवा, पाढे शिकवा. आमच्या दुखण्यावर बोट कशाला ठेवता?" बाईंनी मला स्वतःच्या हाताने पुसलं. वर्ग पुन्हा भरला नाही.

बाई पुण्याला परतल्या तेव्हा मी सामानात मावलो नाही. समुद्रकाठच्या खैरानच्या सहलीत माझ्यावर हाउझीच्या खेळाचे आकडे लिहिले गेले, मग मी दिनकरांच्या बाल्कनीत पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

काही वर्षांनी कॉलेजच्या सुट्टीत आलेल्या लताने मला ओळखलं. "बाबा, रोमच्या गोष्टीत पुढे काय झालं?"

"ती बाईंनाच माहीत. मी त्यांचा पत्तासुद्धा घेतला नाही गं," दिनकर म्हणाले.

मला माहीत होतं. मुलं आली नाहीत त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी बाईंनी तो पुढचा धडा माझ्यावर लिहून पाहिला होता. पुढे रोमच्या मोठ्या घरांनी आपली मुलं शिकायला अथेन्सलाच पाठवली. पण हे मी त्यांना कसं सांगणार?

मित्रांनो, प्रश्न टोचला तर खुशाल रागवा, पण शिकवणाऱ्याला अर्ध्यावर उठवू नका. पुढचं ऐकावंसं वाटेल तेव्हा कुणाचं दार वाजवणार?