करड्या पिशवीचा माणूस

बाजारातल्या जिन्याखाली एक बेवारस बॅग सापडली आणि शहराचा नूरच पालटला. बॅगेत काय होतं ते पोलिसांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं. कचऱ्याच्या पेट्या उचलून नेल्या, बसथांब्यावर ‘संशयास्पद व्यक्ती दिसल्यास कळवा’ अशी पाटी लागली, आणि माणसं एकमेकांच्या तोंडाआधी हातातल्या सामानाकडे बघायला लागली.

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. दिवसभर अर्ध्या मिलिमीटरशी झटापट चालायची. दुपारच्या सुट्टीत मात्र ताई पंधरा मिनिटांत जेवण उरकायची आणि छोटा कॅमेरा घेऊन त्या जिन्यासमोरच्या चौकात जाऊन उभी राहायची. अनोळखी माणसांचे फोटो काढायचे, तेही त्यांना पत्ता लागू न देता. कुणी जांभई देतोय, कुणी फोनवर भांडताना हवेत बोट नाचवतोय. “कळलं की माणूस पोट आत घेतो. मग काय फोटो काढायचा?” असं तिचं म्हणणं. नवरा हसून म्हणायचा, “लोक बायकोचे फोटो काढतात, माझी बायको लोकांचे काढते.” त्याच्याखेरीज ते फोटो कुणी पाहिले नव्हते.

बॅग सापडल्याच्या चौथ्या दिवशी दुकानात हवालदार आले. कुणीतरी कळवलं होतं, की एक बाई रोज जिन्याजवळ उभी राहून गुपचूप फोटो काढते. मालकांचा चेहरा पडला. ताई कॅमेरा घेऊन चौकीवर गेली.

साहेबांनी दोन तास फोटो पाहिले. हळूहळू त्यांचा ताईवरचा संशय मावळला आणि फोटोंतच ते गुंतले.

“हा कोण?” त्यांनी विचारलं. करडी पिशवी घेतलेला पन्नाशीचा एक माणूस. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीनदा, जिन्याजवळ.

“ओळखत नाही.”

“मग तीनदा कशाला काढलात?”

“पिशवी जड असते त्यांची. चालताना एका बाजूला कलतात. चांगलं दिसतं ते.”

साहेबांनी मान हलवली, त्यातला एक फोटो उतरवून घेतला आणि “या तुम्ही” म्हणाले. ताईचा जीव भांड्यात पडला. त्या फोटोचं काय करणार, हे विचारायचं तिला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो चौकातल्या भिंतीभिंतीवर होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘या व्यक्तीबाबत माहिती असल्यास संपर्क साधावा.’ ताईच्या मनात पहिल्यांदा आलं, की छापून छान आलाय. ही गोष्ट तिने पुढे फक्त नवऱ्याला सांगितली. शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, “बघा, डोळ्यांवरूनच कळतं.” फोटो काढला त्या क्षणी तो माणूस समोरच्या दुकानाची पाटी वाचत होता, एवढंच ताईला आठवत होतं.

तो माणूस संध्याकाळी आपणहून चौकीवर गेला. शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. पिशवीत पक्कड, पेचकस, तेलाची बाटली. अर्ध्या तासात त्याला सोडलं, चहासुद्धा पाजला. कागद मात्र भिंतींवरच राहिले. ताईने हवालदारांना विचारलं, तर ते म्हणाले, “लावायचा हुकूम आला होता. काढायचा आलेला नाही.”

मग दोन दिवस दुपारी ताईने फोटो काढले नाहीत, कागद काढले. तिसऱ्या दिवशी ती पत्ता विचारत मिस्त्रीच्या खोलीवर गेली. तो मशीनचं चाक पुसत होता.

“तो फोटो मी काढला होता,” ती म्हणाली.

त्याचा हात थांबला नाही. “तुम्ही होय. बहीण म्हणाली, तुझा एवढा चांगला फोटो आपल्याकडे नाही.”

ताईने विचारलं, “कामं येतायत का?”

“कसली येतायत. शिंपी म्हणतात, नंतर बघू. एक जण म्हणाला, पिशवी दाराबाहेर ठेवून या. म्हटलं, बाहेर बेवारस पिशवी ठेवली तर परत पोलीस येतील.” तो हसला नाही.

“मी येते बरोबर. मी सांगते त्यांना.”

“तुमचं कोण ऐकणार?”

“बघू तरी.”

पहिल्या शिंप्याने सगळं ऐकून घेतलं आणि आपली मशीन ठणठणीत आहे म्हणाला. त्याच्या मागे मशीन खडखडत टाके सोडत होती, ते तिघांनाही ऐकू येत होतं. दुसऱ्याने ताईलाच विचारलं, “म्हणजे आमचेही काढलेत की काय?” आणि दार लोटून घेतलं. तिसऱ्या दुकानात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाई होत्या.

“पिशवी आत आणा,” त्या म्हणाल्या. “पण माझ्यासमोर उघडा.”

मिस्त्रीने एकेक वस्तू काढून कापडावर मांडली. बाईंनी तेलाच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. मग एक मशीन पुढे सरकवली. मिस्त्री खाली मान घालून कामाला लागला. कानाची पाळी लाल झाली होती, तेवढंच काय ते कळत होतं.

थोड्या वेळाने त्याने सुई खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटला. ताईचा हात पर्समधल्या कॅमेऱ्याकडे गेला. आजवर तिने कुणाला विचारलं नव्हतं.

“एक काढू?”

“नको,” तो सुईवरून नजर न हटवता म्हणाला.

“बरं.”

मशीन सुरू झाली तेव्हा दोन वाजून गेले होते. बाहेर पडल्यावर मिस्त्रीने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “उद्या मागच्या गल्लीत जायचंय. तीन दुकानं आहेत. तुम्हाला सुट्टी कधी असते?”

“एक ते दोन.”

ताई आठ दिवस त्याच्याबरोबर गेली. पाच गिऱ्हाइकं परत आली. बाकीची आली नाहीत.