चटईवरची ओल

ओढ्याच्या खालच्या अंगाला फुला रोजच्यासारख्या चिंध्या धूत होती. पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्याला बाळंतपण. तीन दिवस कळा, मूल मेलेलं. आणि तेव्हापासून लघवी गळते ती गळतेच. पाच वर्षं तिचं अंथरूण गोठ्यात. सासू ताराबाई ताटसुद्धा काठीनं पुढं सारायची. चिंध्या पिळता पिळता फुला ओवी गुणगुणत होती:

दारी आलं नवं भात, कणीस बांधिती दाराला,
माझ्या गं वाट्याला ओल आली पदराला.

बेळगावात दोनदा टाके घातले, दोन्हीदा सुटले. परवा डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. आता कायमची वेगळी वाट करायची. आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावर काढून वर पिशवी लावायची. नाहीतर आतच थैली शिवायची अन् बेंबीजवळून चार-चार तासांनी नळीनं रिकामी करायची. "तुमच्या रानात पिशवीच सोपी. पण दोन्हीत तू कोरडी राहशील."

कोरडी! फुला त्या शब्दावर रडली होती.

आज घरी तिनं ते सांगितल्यावर ताराबाईनं कपाळ बडवलं. "पोटावर मुताची पिशवी बांधून नव्याचं कणीस दाराला बांधणार व्हय गं?"

"आता तरी कुठं बांधतीया, आत्ती?"

"जीभ लई चालाय लागली! न्हाई म्हंजे न्हाई." नवरा म्हादू खाली मान घालून कोयत्याला धार लावत राहिला.

त्याच दुपारी नणंदेला, पल्लवीला बघायला खानापूरकडचे पाहुणे आले.

"पोरगी ल्हान वाटती," पाहुणा म्हणाला.

"ल्हान कसली? पंधरा सरली. आमची सून ह्याच वयात आली."

"कुठं हाय सून?"

"म्हायेराला गेलीया."

गोठ्यात फुलाला सगळं ऐकू आलं. ती उठली, उंबरा ओलांडला आणि पाहुण्यांच्या चटईवर जाऊन बसली.

"मी हितं हाय, पाव्हणं. ह्याच वयात आले, म्हणून हे असं झालं."

ओल पसरत गेली. पाहुण्यांनी पाय आखडले, नाकाला टॉवेल लावला. "आज नाक धरलंसा," फुला म्हणाली, "उद्या पल्लवीलाबी गोठाच द्याल."

चहा तसाच टाकून पाहुणे उठले.

"माझ्या घराचं वाटुळं केलंस, रांडे!" ताराबाई काठी घेऊन धावली. फुलानं डोळे मिटले. सगळं गेलं, आता मार तेवढा उरला.

तेवढ्यात पल्लवी आली आणि वहिनीला खेटून त्या ओलीवरच बसली. "वैनी, बेळगावला मी येते संगट."

दारात पुन्हा कोयता घासत बसलेला म्हादू थांबला. "आपरेशनला सही माझी लागतिया का?"

"माझी पुरं हाय," फुला म्हणाली.

चटई बाहेर ढकलायला ताराबाईनं काठी पुढं केली. पण चटईवर आता तिची स्वतःची लेक बसली होती. काठी कुठं लावावी, तिला कळेना.