वन्संची साय

“आणि उद्या तुम्ही आजारी पडलात, तर हिला बाहेर कोण नेणार?” शिवणबाईने विचारलं.

“आजारी पडायला सवड कुठेय मला?” वन्सं म्हणाल्या. “अगं, कुत्री देतेयस की पोटची मुलगी?”

नवरा खिडकीकडे तोंड करून हसला. शिवणबाई हसली नाही. तिच्या पायाशी साय पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून पडली होती. आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय हे कळल्यासारख्या तिच्या भुवया बोलणाऱ्याच्या दिशेने हलत होत्या.

शिवणबाई पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची, पण ते पोटासाठी. जीव होता तो लॅब्रॅडॉर कुत्र्यांत. त्यातही तिचं सगळं रीतसर. आईच्या खुब्याचे एक्स-रे काढल्याशिवाय वीण नाही, एका विणीनंतर भरपूर विश्रांती, आणि दुधाचे दिवस पुरे झाल्याशिवाय पिल्लू दाराबाहेर नाही. घ्यायला येणाऱ्यांची ती अशी उलटतपासणी करायची, की लोक तिला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत. बायकोला वाढदिवसाला गंमत म्हणून पिल्लू द्यायचंय म्हणणाऱ्या एका बड्या गाडीवाल्याला तिने दारातूनच परतवून लावलं होतं. “गंमत दोन दिवसांत विरते साहेब, कुत्रं बारा वर्षं टिकतं.”

तीच फौजदार आता स्वतःच्या सायला घर शोधत होती. सायची वीण थांबवली होती, ऑपरेशन झालं होतं. शेवटच्या विणीतली चिंगी घरात ठेवून घेतली, आणि तीच अंगाशी आली. चिंगी मोठी झाली तशी आईच्या उरावर बसू लागली. एकदा तर तिने सायचा उजवा कान फाडला. डॉक्टर म्हणाले, “दोन माद्यांचं एकदा बिनसलं की समजूत घालता येत नाही. एकीला दुसरं घर बघा.” ते घर नवऱ्यानेच सुचवलं. मेहुणे गेल्यापासून त्याची थोरली बहीण एकटीच होती.

वन्संचं नि शिवणबाईचं उभं आयुष्य गोड बोलून टोचण्यात गेलेलं. सासूबाईंचा शेवटचा शब्द वन्संच्या नावाचा, नवऱ्याचे रविवार वन्संच्या घरचे. पण घर चांगलं होतं. खोट काढायला जागा नव्हती, आणि तेच तिला खुपलं.

“पहिला महिना बघायचा,” ती उठताना म्हणाली. “नाही जमलं तर मी परत नेणार. सगळ्यांना हीच अट असते.”

“मंजूर,” वन्सं म्हणाल्या.

मग रोज फोन सुरू झाले. “जेवली का?” विचारताना शिवणबाईला वाटायचं, वन्संनी एकदा तरी ‘नाही’ म्हणावं. सायने ताटलीला तोंड लावू नये, दाराशी बसून राहावं.

“चाटूनपुसून साफ! आता झोपलीय बाळी माझी.”

बाळी! शिवणबाईच्या हातातली कात्री पडद्याच्या कापडात तिरकी गेली. जन्मली तेव्हा ओंजळीत धरून, नाकातोंडातलं पाणी पुसून जिला तिने श्वास घ्यायला लावला, तिचं वन्संनी आठवड्यात बारसं केलं!

“जे जे म्हणून माझं असतं, ते सगळं वन्संना लागतं,” ती नवऱ्याला म्हणाली.

“मी आहे की अजून इथेच,” तो म्हणाला.

वन्संनी धाडलेल्या फोटोत साय जरा गुबगुबीत दिसत होती. शिवणबाईला तेवढं पुरलं. “वजन वाढवून ठेवलंय. सांधे जातील तिचे. मी घेऊन येते.”

“आणि चिंगीचं काय?”

“ठेवीन वेगळ्या खोलीत. बघते मी.”

वन्संनी दार उघडताच साय तिच्या अंगावर झेपावली. शेपटीच्या तडाख्याने स्टुलावरचं वर्तमानपत्र उडालं. शिवणबाईने तिच्या मानेत तोंड खुपसलं. बघा म्हणावं, माझीच आहे. पण बरगड्यांवरून हात फिरवताना बोटांना कळलं, वजन वाढलेलं नव्हतं. उलट पायांत नवी ताकद आली होती. दाराशी वन्संचे चालायचे बूट होते, चिखलाने भरलेले. मेहुण्यांच्या मागे ज्या बाईने कोपऱ्यावरच्या दुकानात जाणंही सोडलं होतं, तिचे.

तरीही ती म्हणाली, “मी हिला न्यायला आलेय.”

वन्संचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या आत गेल्या आणि ब्रश, ताटली, सांध्यांच्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन आल्या.

“घेऊन जा. तुझीच आहे.” त्यांनी पिशवी पुढे केली. “उजव्या कानाने तिला कमी ऐकू येतं बघ. हाक डावीकडून मारत जा.”

“सायचं मला सांगताय, वन्सं?” शिवणबाई फणकारली. पण हे तिला ठाऊक नव्हतं.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दारात पाऊल पडताच आतल्या खोलीतून चिंगीची गुरगुर आली, मग बंद दारावर नखं ओरबाडल्याचा आवाज. सायची शेपटी पोटाखाली गेली. भिंतीला अंग घासत ती कापायच्या टेबलाखाली शिरली आणि चिंध्यांच्या ढिगात जाऊन बसली. शिवणबाईने पाणी पुढे केलं. तिने तोंड फिरवलं. हाताला तिची थरथर लागत होती.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर शिवणबाईने त्याची सालटी काढली असती. ती जमिनीवर बसून राहिली. चिंगीचं भुंकणं काही थांबेना.

नवरा दारातच उभा होता. चपला अजून पायात.

“टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलंय मी,” तो हळूच म्हणाला.

वन्संनी दार उघडलं तेव्हा चष्म्याआडचे डोळे सुजलेले होते. साय त्यांच्या पायांना घासून थेट आत गेली. स्वयंपाकघरातून पाण्याची लपलप बराच वेळ ऐकू येत राहिली.

“काय गं, काही राहिलं का?” वन्संनी विचारलं.

“तिच्या कानाचं राहिलं,” शिवणबाई म्हणाली. पिशवी तिने दाराच्या आत ठेवली. “डॉक्टरांना दाखवायला हवा. तुम्ही नेलंत तरी चालेल.”

“दोघी नेऊ,” वन्सं म्हणाल्या. “आत ये, बस जरा.”

“नको. ते खाली थांबलेत.”

ती जिने उतरून टॅक्सीत बसली. नवऱ्याने सरकून जागा दिली. वर खिडकी उघडी होती, आत दिवा होता. साय एकदा भुंकली.

“निघायचं, बाई?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

“थांबा जरा.”

तिने काच खाली केली आणि कान देऊन ऐकत राहिली. वर कुणीतरी हसलं, भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. पुन्हा भुंकणं काही ऐकू आलं नाही.

“चला,” ती म्हणाली.