कोपऱ्यातली टाइल

"हं, वाजव," अण्णांनी फोन उजव्या कानाला दाबला. डावा कान टाइल कापायच्या मशीनने कधीच खाल्ला होता.

पलीकडे लेकीने भिंतीवरच्या टाइलवर बोटाने ठोकलं. टक टक.

"भरीव. पुढची."

टक टक.

"हीपण भरीव. किती झाल्या?"

"एकतीस. मोजतेय हो मी."

चाळीस वर्षं अण्णांनी लोकांची न्हाणीघरं आणि स्वयंपाकघरं टाइल्सनी मढवली. आता गुडघ्यांनी संप पुकारलेला, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली आणि घरात बोलायला फक्त रेडिओ. तोही आपलंच घोडं पुढे दामटणारा. लेक दूरच्या शहरात. फोन करायची, नाही असं नाही. महिन्याकाठी एकदा, "बरे आहात ना?" "बरा आहे." संपलं.

आणि गेल्या आठवड्यात तिने विचारलं, "अण्णा, ओट्यामागची भिंत मी माझ्या हातानेच करणार आहे. सुरुवात कुठून करू?"

अण्णांनी त्याच दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवली. दातेरी थापी, रबरी थापी, स्पंज, ओळंबा. आज ना उद्या पोरीची फजिती होणार आणि ती म्हणणार, अण्णा, तुम्हीच या. हे काम काय फोनवर शिकून येतं होय?

येत होतं. म्हणून म्हातारा लबाड झाला. सगळं एकदम सांगायचाच नाही. पहिल्या दिवशी एवढंच, की सैल गिलावा खरवड आणि भिंत पुसून घे. दुसऱ्या दिवशी, पहिली ओळ लेव्हल लावून बसव, ती चुकली की वरच्या सगळ्या चुकल्या. तिसऱ्या दिवशी, टाइलच्या पाठीला मसाला कडेपर्यंत फास, नुसता मधे गोळा ठेवून चिकटवू नकोस. "बाकीचं उद्या," म्हणून फोन ठेवायचा. टाइल्स लावून झाल्यावर तर त्यांनी दोन दिवस थांबायला सांगितलं.

"मसाल्याच्या पाकिटावर एकच दिवस लिहिलाय, अण्णा."

"पाकिटवाल्याने कधी भिंत लावलीय का?"

थांबली बिचारी. मसाला वाळण्याबद्दल माणसाला जेवढं बोलता येईल तेवढं ते दोन्ही संध्याकाळी बोलले.

आज ठोकून पाहायचा दिवस. पोकळ वाजली तर मागे मसाला कमी पडला. ती टाइल काढून पुन्हा बसवायची.

"शेवटची राहिली," लेक म्हणाली. "सिंकच्या कोपऱ्यातली. हिचीच मला धाकधूक आहे. पोकळ असली तर मला नाही काढता येणार, आधीच सांगते. तुम्हालाच यावं लागेल."

टक टक.

अण्णांनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"पुन्हा वाजव."

टक टक.

"जरा खाली. आता डावीकडे."

चारही कोपऱ्यांत भरीव. 'पोकळ' एवढा एक शब्द बोलायचा अवकाश, उद्या सकाळच्या गाडीत ते बसले असते. आठ दिवस तिच्या हातचा चहा, दोघांचं मिळून जेवण. त्यांना फार फार जावंसं वाटत होतं. पण नीट बसलेली टाइल त्यांनी आजवर कुणाच्या घरी उचकटली नव्हती.

"अण्णा, आहात ना?"

"आहे. भरीव आहे ती. हात चांगला आहे तुझा."

"खरंच?" ती हसली. "मग आता पुढे?"

"कागद घे." या वेळी त्यांनी हातचं काही राखलं नाही. "ग्राउट पातळ करू नकोस. रबरी थापी तिरकी धरून सांध्यांत दाब. स्पंज घट्ट पिळून पूस. भिंत आणि ओटा जिथे मिळतात तिथे ग्राउट नको, तडकतं. तिथे सिलिकॉन भर, ओलं बोट एका दमात फिरव. मग एक दिवस पाणी लागू देऊ नकोस. झालं."

"म्हणजे उद्या विचारायला काही उरलंच नाही."

"नाही उरलं."

"बरं झालं. तुम्हाला तरी रोज रोज किती त्रास द्यायचा."

फोन ठेवून अण्णांनी पिशवी रिकामी केली. थाप्या कोरड्याच होत्या, तरी त्यांनी त्या पुसून फळीवर ठेवल्या. ओळंबा खिळ्याला अडकवला. तो हलत होता. तो थांबेपर्यंत ते गुडघ्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले.