न झालेला सामना

अनुसूयाबाईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्र्याण्णव साली हॉल्सबी टाउन नावाचा इंग्लंडातला क्लब कुणाकडून किती गोल खाऊन बसला, हे शिवाजीनगरातल्या त्यांच्या गल्लीत कुणीही त्यांनाच विचारावं. मुलगा अवधूत कॉम्प्युटरच्या नोकरीवर हॉल्सबी गावी गेला आणि त्याच उन्हाळ्यात क्लबही पहिल्यांदाच सर्वांत वरच्या श्रेणीत चढला. दोघांचीही चढती कमान, असं बाईंचे यजमान वासुदेवराव भेटेल त्याला सांगत सुटले होते.

सप्टेंबरात वासुदेवराव झोपेतच गेले. अवधूत आला नाही. ऑफिस रजा देत नाही म्हणाला. अग्नी पुतण्याने दिला. तेव्हापासून बाईंच्या आत काहीतरी थिजलं ते थिजलंच. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. लोक म्हणत, बाई मोठ्या धीराच्या. धीर कसला डोंबलाचा! बधिर केलेला दात दुखत नाही म्हणून त्याला कुणी शूर म्हणतं का?

फोन खालच्या मजल्यावर घरमालक कल्लाप्पांकडे होता. कल्लाप्पा मूळचे निपाणीचे, फुटबॉलचे वेडे. रविवारी दुपारी अवधूतचा फोन येई. पूर्वी बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, जेवलास का? सप्टेंबरनंतर तो बंद झाला. आता नुसतं ‘हं’. ती शांतता भरायला तो बापडा आदल्या दिवशी मैदानावर पाहिलेला सामना सांगू लागला. हॉल्सबी दर आठवड्याला सपाटून मार खाई आणि बाई ‘हं’ म्हणत. वडिलांचं नाव दोघंही काढत नसत. फोन येण्याआधी कल्लाप्पा पेपरातला निकाल वाचून दाखवत, हेही अंगवळणी पडलं होतं.

एप्रिल उजाडला तेव्हा हॉल्सबी तळाशी होता. आणखी एक हार, की खालच्या श्रेणीत रवानगी. त्या रविवारी कल्लाप्पांनी पेपर चाळला आणि म्हणाले, "वैनी, कालची मॅच झालीच नाही की. पावसानं मैदानात तळं झालंय म्हणे."

तेवढ्यात फोन वाजला.

हरलो, अवधूत म्हणाला. दोन-शून्य. ऊन छान पडलं होतं, पण शेजारी बसलेला म्हातारा ढसाढसा रडत होता. क्लब आता खाली जाणार. रोज हरणाऱ्या संघाच्या हारीची थाप मारायची तर निकाल कशाला बघायचा, असं त्याला वाटलं असावं.

कल्लाप्पांनी पेपरात तोंड खुपसलं. बाई रिसीव्हर धरून उभ्याच राहिल्या. ऊन खोटं, म्हातारा खोटा. मग ऑफिस? मग ती रजा?

"अवधूत, काल तिकडे पाऊस होता," त्या म्हणाल्या. "सामना झालेला नाही."

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नोकरी कधी गेली?"

"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "बाबांना सांगवेना, आई. मग सांगायला बाबाच राहिले नाहीत."

हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. तो कधीचाच लंडनला होता, एका हॉटेलात भांडी घासत होता. विमानाच्या तिकिटापुरतेही पैसे नव्हते. सामने तो टीव्हीवर बघून सांगायचा, आणि काल तेवढीही सवड मिळाली नव्हती.

इतके महिने बाईंनी त्याला मनातल्या मनात परका करून टाकलं होतं. आता त्यांना राग यायला हवा होता, निदान स्वतःचा तरी. आला नाही. रडूही आलं नाही. कल्लाप्पा उठून स्वयंपाकघरात गेले.

"जेवलास का?" बाईंनी विचारलं.

पलीकडून हुंदका आला, आणि पाठोपाठ दुसरा. तो सॉरी सॉरी म्हणत आवरू लागला.

"आवरू नकोस, रड," त्या म्हणाल्या. "बाबांसाठी इथे अजून कुणी रडलेलं नाही."