अकरा खुणांचा रेडिओ

मी एक जुना शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. माझ्या तबकडीवर पेन्सिलीच्या अकरा खुणा आहेत. पोटात चार सेल बसतात. चौदा मीटर लांबीची एक तार मला नारळाच्या झाडाशी जोडते. बटणे चार होती, आता तीन आहेत.

मित्रांनो, मी जपानमधल्या एका कारखान्यात तयार झालो. तेकाई मास्तर आमच्या बेटावर विज्ञान शिकवत, त्यांनी मला बोटीतून मांडीवर ठेवून आणले. माझी प्रत्येक खूण म्हणजे एका देशाचे केंद्र. रोज संध्याकाळी सात वाजता मास्तर वही उघडत आणि एकच बातमी निरनिराळ्या देशांकडून ऐकत. कोणी किती वाक्ये दिली, मंत्र्याला कोणी प्रश्न विचारला, हे रकान्यांत लिहीत. दक्षिणेकडच्या मोठ्या देशातली निवेदिका पंतप्रधानांनाही मध्येच थांबवी. दुसऱ्या एका देशात सैन्याने सत्ता घेतली, तेव्हा तिथल्या केंद्रावर तीन आठवडे फक्त हवामान आणि रग्बी होते. आमच्या देशाच्या केंद्रात सैनिक कधीच शिरला नाही. तरी आमच्या रकान्यात प्रश्नांची संख्या शून्य असे.

"विचारणार कोण? बातम्या देणारा मंत्र्याचा भाचा," मास्तर म्हणत. "मामाला चारचौघांत विचारायचं म्हणजे..."

त्यांची बायको तिरिबो चटई विणता विणता म्हणे, "आणि तुम्ही तरी माझ्या भावाला कुठं विचारता, आपली होडी कधी परत करणार ते?"

एका वर्षी तेवीस माणसे घेऊन निघालेली बोट सोमवारी आमच्या बेटावर यायची होती. तिच्यात तिरिबोची धाकटी बहीण रुता होती. मंगळवारी आमच्या केंद्राने भजने लावली आणि खोबऱ्याचा भाव सांगितला. बोटीचे नाव नाही. बुधवारी तिसऱ्या खुणेवर दक्षिणेचा आवाज म्हणाला, "बोट बेपत्ता आहे. आमचे विमान तयार आहे, पण त्या देशाने अजून मागणी केलेली नाही." मास्तरांची पेन्सिल थांबली.

आमच्याकडे गावाची सभा मानेआबात, मोठ्या छपराखाली, भरते. तिथे प्रत्येक घराण्याची जागा ठरलेली असते. समुद्राची बातमी आधी उरिआम आजोबांच्या जागेवरून सांगितली जाते, मग इतरांनी बोलायचे. विमान मागवायचे ते बोटींच्या सरकारी अधिकाऱ्याने, आणि तो उरिआम आजोबांचा जावई होता. गुरुवारच्या सभेत आजोबा गप्प बसले, म्हणून मास्तरही गप्प बसले.

घरी आल्यावर तिरिबो म्हणाली, "अहो मास्तर, समुद्र तुमच्या पाळीसाठी थांबलाय का?"

शुक्रवारी सकाळी तिने झाडाची तार सोडली, मला कडेवर घेतले आणि लोक जमलेल्या मानेआबाच्या मधोमध ठेवले. तार खांबाला बांधून तिने तिसरी खूण लावली. सकाळच्या बातम्या सुरू होत्या. मी जेवढा ओरडू शकत होतो तेवढा ओरडलो.

"हे कुणाच्या जागेवरून बोलतंय?" कोणीतरी खेकसले.

"याला जागाच नाही," तिरिबो म्हणाली. "हा पाहुणा आहे. पाहुण्याला कधीपासून गप्प करायला लागलो आपण?"

उरिआम आजोबांनी बातमी पूर्ण ऐकली. मग काठी टेकत उठले. "जावयाला मी विचारतो. मी विचारलं तर चालतं ना?" ते कचेरीतल्या फोनपर्यंत चालत गेले. दुपारी विमान मागवले गेले.

शनिवारी विमानाला बोट दिसली. तेवीसपैकी बावीस जिवंत होते. रुता त्यांत होती. तेविसावा माणूस शुक्रवारी रात्री तहानेने गेला होता. मास्तरांनी ते वहीत लिहिले आणि त्यापुढे गुरुवारची तारीख लिहिली. पुढे कित्येक दिवस गावात माझे कौतुक झाले, पण मास्तरांनी वहीचे ते पान पुन्हा कधी उघडले नाही.

नंतर खर्च परवडेना म्हणून देशांनी आपली केंद्रे एकेक करून बंद केली. एखादा ओळखीचा आवाज शेवटचा निरोप घेई आणि दुसऱ्या दिवशी तिथे नुसती खरखर उरे. तिसरी खूणही गेली. मग मास्तर गेले. लोकांकडे फोन आले. त्यांत बातम्या भरपूर येतात म्हणे, पण त्या भाच्याच्या आहेत की पाहुण्याच्या, हे कोणी वहीत लिहीत नाही.

मी आता फळीवर असतो. तार गंजली आहे. सात वाजले की मला उगाच कान टवकारल्यासारखे होते. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात एकच आवाज येत असेल, तर दुसरा शोधा, आणि प्रश्न कोणी विचारला ते मोजा. ते मोजायला गुरुवारी बसा, शुक्रवारची वाट पाहू नका.

गेल्या रविवारी तिरिबोने नवे सेल घातले आणि प्रत्येक खुणेवर पाच मिनिटे थांबली. अकरापैकी दोन ठिकाणी आवाज आला. प्रश्न: शून्य.